‘नई तालीम’ या कोशलेखाचा आराखडा: एक प्रकरण अभ्यास

काम असे होते: मराठी विकिपीडियासाठी नई तालीम, म्हणजे हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवणारी गांधीजींची १९३७ ची शिक्षणयोजना, या विषयावर सविस्तर, तपासता येईल असा लेख पाच जणांनी मिळून उभा करायचा. गटात जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका, अध्यापक विद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक, महाविद्यालयातल्या एक ग्रंथपाल, बी.एड. करणारा एक विद्यार्थी आणि बरीच वर्षे विकिपीडियावर संपादन करणारी एक सदस्य होती. पाचही जणांना विषयाबद्दल आस्था होती, आणि योजनेतली पहिली अडचणही तिथूनच आली. मुलाच्या शरीराचा, बुद्धीचा आणि मनाचा एकत्र विचार करणाऱ्या शिक्षणाबद्दल लिहिताना लेखकाची वाक्येही सगळे काही एकाच मुठीत धरू पाहतात. कोशलेखात नेमके हेच टाळायचे असते.

लिहायला बसण्याआधी गटाने आधीचे पान शोधले. नई तालीम, नयी तालीम, मूलोद्योग शिक्षण, बुनियादी शिक्षण, वर्धा शिक्षण योजना या सगळ्या नावांनी शोध घ्यावा लागतो, नाहीतर एकाच विषयाची दोन-तीन तुटक पाने तयार होतात आणि पुढे ती एकत्र करण्यात लिहिण्याइतकाच वेळ जातो. एखाद्या नावाखाली पान असेल तर काम त्यावरच करायचे, उरलेली नावे तिकडे पुनर्निर्देशित करायची. ‘जीवन शिक्षण’ हे नाव मात्र पुनर्निर्देशनात घेतले नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राथमिक शाळांच्या नावांत ते आहे, आणि शिक्षकांसाठीच्या एका मासिकाचेही तेच नाव आहे. तिथे निःसंदिग्धीकरणाचे, म्हणजे एकाच नावाचे वेगवेगळे विषय दाखवणारे, पान हवे.

पहिला आराखडा का मोडला

पहिल्या बैठकीत विभाग ठरले ते असे: शरीराचे शिक्षण, बुद्धीचे शिक्षण, मनाचे शिक्षण, आणि शेवटी ‘महत्त्व’. याला आधार होता. ३१ जुलै १९३७ च्या ‘हरिजन’ या आपल्या साप्ताहिकात गांधीजींनी शिक्षणाची व्याख्याच शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींतले उत्तम ते सर्वांगांनी बाहेर काढणे अशी केली आहे, आणि साक्षरता हा शिक्षणाचा शेवट नाही, आरंभही नाही, असे म्हटले आहे. त्यामुळे लेखाची रचना विषयाच्या तत्त्वज्ञानासारखीच असावी, असे सगळ्यांना वाटले.

मग अनुभवी संपादकाने एक साधी चाचणी सुचवली. हाती असलेली दहा तथ्ये या चौकटीत टाकून पाहायची. मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव बुद्धीखाली की मनाखाली? सूतकताई तिन्हींकडे गेली. योजनेचा अभ्यासक्रम आखणाऱ्या डॉ. झाकीर हुसेन समितीची स्थापना कुठेच बसेना. १९४४ चा सार्जंट अहवाल थेट ‘महत्त्व’खाली गेला, आणि तो तर योजनेच्या एका मुख्य भागाला नकार देणारा आहे. दहांपैकी निम्मी तथ्ये दोन-दोन ठिकाणी आली, काहींना घरच मिळाले नाही.

खरा दोष त्याहून खोल होता. ‘शरीराचे शिक्षण’ असे शीर्षक दिले की त्याखालचे प्रत्येक वाक्य शिक्षणाने शरीर घडते हे गृहीत धरते. जे सिद्ध करायचे ते शीर्षकातच सिद्ध झालेले असते. समग्र शिक्षणावरच्या लेखांत हा दोष फार आढळतो. विषय कोणताही असो, माँटेसरी, वॉल्डॉर्फ किंवा नई तालीम, पद्धतीचे पुरस्कर्ते आपल्या तत्त्वांची जी मांडणी करतात तीच लेखाची अनुक्रमणिका बनते आणि लेख माहितीपत्रकासारखा वाचला जातो.

विषयाऐवजी दावे

दुसऱ्या फेरीत विभागांचा विचारच बाजूला ठेवला आणि दाव्यांचा तक्ता केला. पाच रकाने: दावा, तो कोणाचा, कोणत्या तारखेचा, स्रोत व पृष्ठ, आणि ते पृष्ठ गटातल्या कोणी स्वतः उघडून पाहिले. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी ठरला. तो रिकामा असेल तर ओळ मसुद्यात जाणार नाही, असा नियम होता. पहिल्या फेरीत साठेक ओळी जमल्या. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश ओळींचा चौथा किंवा पाचवा रकाना रिकामा होता, म्हणजे ती विधाने सर्वांना ‘माहीत’ होती, पण कुठून माहीत होती ते सांगता येत नव्हते.

मग प्रत्येक ओळीला चारपैकी एक खूण केली. वि म्हणजे विचार: गांधीजींनी किंवा इतर कोणी काय मांडले. यो म्हणजे योजना: परिषदेने आणि समितीने कागदावर काय सुचवले. अं म्हणजे अंमलबजावणी: शाळांत प्रत्यक्ष काय झाले. वा म्हणजे वारसा: नंतरचे आयोग, धोरणे आणि आजच्या शाळा. या चार खुणांनी लेखाचा सांगाडा आपोआप पुढे आला, कारण त्या काळाच्या क्रमानेही लागतात आणि स्रोतही साधारण तसेच विभागलेले असतात.

खुणेबरोबर क्रियापदही ठरवून टाकले. विचाराला ‘गांधीजींच्या मते’, ‘त्यांनी मांडले’. योजनेला ‘समितीने सुचवले’, ‘अहवालात अपेक्षित होते’. अंमलबजावणीला साधा भूतकाळ, पण फक्त तसा पुरावा असेल तेव्हा. आजच्या संस्थेच्या स्वतःच्या सांगण्याला ‘संस्थेच्या माहितीनुसार’. वाचताना ही शिस्त जाणवतही नाही, पण सामूहिक लेखनात तिचा फार आधार होतो. पाच जणांच्या पाच शैली एकाच लेखात असतात, आणि क्रियापद सैल पडले की अपेक्षा ही घटना बनून जाते.

बी.एड.च्या विद्यार्थ्याने लिहिलेले एक वाक्य असे होते: ‘नई तालीममध्ये विद्यार्थी आपल्या श्रमातून शाळेचा खर्च भागवत असत.’ वाक्य सुबक आहे, व्याकरण निर्दोष आहे, आणि त्यात विचार, योजना आणि अंमलबजावणी अशा तिन्ही थरांची सरमिसळ आहे. त्याची उकल करताना जे हाती आले ते लेखाचा सर्वांत भरीव विभाग ठरले.

स्वावलंबनाचा प्रश्न: एका दाव्याचे चार थर

पार्श्वभूमी पैशाची आहे. १९३७ च्या जुलैमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे प्रांतांत सत्तेवर आली. दारूबंदी करायची होती, आणि शिक्षणाचा खर्च बऱ्याच अंशी दारूच्या महसुलावर चालत होता. दारू बंद केली तर शाळा कशा चालवायच्या? मुलांना शिकवायला दारूच्या उत्पन्नाखेरीज हाती काही नसावे, हे गांधीजींना अत्यंत क्रूर वाटले. शिक्षणाने आपला खर्च आपणच काढावा, ही कल्पना त्यांनी या पेचात पुढे आणली आणि स्वावलंबन ही या शिक्षणाच्या खरेपणाची कसोटी मानली. हा पहिला थर, खूण वि.

दुसरा थर वर्ध्याच्या परिषदेचा. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली ती भरली. चार ठराव झाले: देशभर सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, या काळातले सगळे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तकामाभोवती गुंफलेले असावे, आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचे वेतन निघू शकेल अशी अपेक्षा. चौथा ठराव नीट वाचला तर दोन गोष्टी दिसतात. तिथे ‘हळूहळू’ आहे, आणि शिक्षकांच्या वेतनाचा उल्लेख आहे. शाळेचा संपूर्ण खर्च नाही. इमारत, अवजारे, पुस्तके त्यात येत नाहीत. मसुद्यातला ‘शाळेचा खर्च’ हा शब्द इथेच गळाला.

तिसरा थर समितीचा. झाकीर हुसेन अध्यक्ष, ई. डब्ल्यू. आर्यनायकम निमंत्रक, आणि सदस्यांत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आशादेवी आर्यनायकम, के. टी. शाह. २ डिसेंबर १९३७ च्या अहवालात समितीने लिहिले की ही योजना कोणत्याही अर्थाने स्वावलंबी ठरली नाही तरी सुबुद्ध शैक्षणिक धोरण म्हणून ती स्वीकारावी. आर्थिक बाजूवर भर देताना सांस्कृतिक आणि शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाण्याचा धोकाही अहवालातच नोंदवलेला आहे. म्हणजे योजनेवरची एक महत्त्वाची शंका योजनेच्या मूळ कागदातच आहे. बाहेरच्या टीकाकाराच्या तोंडी ती घालणे चुकीचे ठरले असते, आणि पहिल्या मसुद्यात ती तशीच घातली होती.

चौथा थर १९४४ चा. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या युद्धोत्तर शिक्षणविकास अहवालाने, म्हणजे सार्जंट योजनेने, हस्तकामातून शिक्षण हे तत्त्व घेतले, पण विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तू विकून शिक्षणाचा, विशेषतः खालच्या वर्गांचा, खर्च भागावा ही अपेक्षा नाकारली.

चारही थर समोर मांडल्यावर मूळ वाक्याच्या जागी हा परिच्छेद आला:

‘गांधीजींनी स्वावलंबन ही या शिक्षणाची कसोटी मानली. वर्धा परिषदेच्या चौथ्या ठरावात या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचे वेतन निघेल अशी अपेक्षा होती. झाकीर हुसेन समितीने मात्र योजना स्वावलंबी न ठरली तरी शैक्षणिक कारणांसाठी ती स्वीकारावी असे म्हटले, आणि उत्पादनावर अतिरेकी भर दिल्यास शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोका नोंदवला. १९४४ च्या सार्जंट योजनेने हस्तकामकेंद्री शिक्षणाचा पुरस्कार करताना वस्तुविक्रीतून खर्च भागवण्याची कल्पना अमान्य केली.’

चार वाक्ये, चार थर, चार स्रोत. यात कोणाची बाजू घेतलेली नाही, तरी वाचकाला वाद संपूर्ण कळतो. त्यामुळे लेखाच्या शेवटी ‘टीका’ नावाचा वेगळा विभाग करायची गरज उरली नाही. असा विभाग केला की वरचा सगळा मजकूर आपोआप स्तुती होतो आणि खालचा ढीग वाढत राहतो. ज्या मुद्द्यावर आक्षेप आहे त्या मुद्द्यातच आक्षेप सांगणे केव्हाही चांगले.

वेळापत्रक सांगते ते

प्राध्यापकांचा आग्रह होता की प्रस्तावनेत ‘शरीर, मन आणि आत्मा यांच्या समतोल विकासाचे शिक्षण’ असे म्हणावे. समितीने सुचवलेले रोजचे वेळापत्रक तक्त्यात होते. एकूण साडेपाच तास, म्हणजे ३३० मिनिटे. त्यांत मूलोद्योग, म्हणजे शिक्षणाच्या केंद्रस्थानी असलेले हस्तकाम, ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटे. मातृभाषा ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे. शारीरिक शिक्षण १० मिनिटे. मधली सुटी १० मिनिटे. बेरीज जुळते. मूलोद्योगाचा वाटा साठ टक्क्यांच्या थोडा वर जातो.

या आकड्यांपुढे ‘समतोल’ हा शब्द उभा राहत नाही. पण नुसते आकडे दिले तर दुसऱ्या बाजूने अन्याय होतो, कारण समितीला या २०० मिनिटांत यांत्रिक हातकाम अभिप्रेत नव्हते. उद्योगाशी जोडलेले तोंडी काम, चित्रे, प्रक्रियेमागची कारणे हेही त्यातच धरले होते. शिक्षिकेने सुचवले की दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लागून याव्यात. आधी तक्ता, लगेच खाली हे स्पष्टीकरण. ते बरोबर होते. आकडा एका विभागात आणि खुलासा दुसऱ्या विभागात गेला असता तर पुढच्या एखाद्या संपादकाने त्यातला एकच ठेवला असता.

इथेच ‘समवाय’ही समजावला गेला. विषय सुटे न शिकवता मूलोद्योग, निसर्ग आणि सामाजिक परिसर या तीन केंद्रांशी जोडून शिकवणे, ही या पद्धतीची ओळख. लेखात समवायाचे एक उदाहरण हवे यावर एकमत होते, पण शिक्षिकेने आपल्या वर्गातले उदाहरण लिहिले तेव्हा ते काढावे लागले. उदाहरण उत्तम होते. तरी स्वतःच्या वर्गाचा अनुभव कोशात स्रोत होऊ शकत नाही, कारण वाचक तो कुठेही जाऊन पडताळू शकत नाही. त्याऐवजी अहवालातल्या अभ्यासक्रमातून तकलीवरच्या सुताची लांबी मोजणे आणि गणित यांची जोड घेतली. शिक्षिकेचा अनुभव वाया गेला नाही. कोणते वाक्य वर्गात अशक्य वाटते आणि म्हणून पुन्हा तपासायला हवे, हे तीच सांगू शकत होती.

ज्या गोष्टी एकमेकींत मिसळतात

या विषयात तीन गल्लती हमखास होतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी आणलेली विद्या मंदिर योजना ही वर्धा योजनेपेक्षा वेगळी होती. काळ जवळजवळ एकच, प्रदेशही तोच, आणि मुस्लिम लीगचा विरोध दोन्हींना झाला. त्यामुळे ‘मंदिर’ या नावावरचा आक्षेप बरेचदा वर्धा योजनेच्या खात्यात जमा होतो. दुसरी गल्लत मद्रासच्या १९५३ च्या सुधारित प्राथमिक शिक्षण योजनेशी. राजगोपालाचारींची ती योजना जातीनुसार धंदे पक्के करते या कारणाने प्रखर विरोधाला सामोरी गेली आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या काळात मागे घेतली गेली. तिचा लेख वेगळा. इथे फक्त एका वाक्याचा दुवा, तोही दोन्हींची तुलना करणारा स्रोत दाखवूनच.

तिसरी गल्लत नावांच्या पुढच्या पिढीची. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव हा शब्द पुढे आणला, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले. महाराष्ट्रातल्या वाचकाला कार्यानुभवाचा तास आठवतो आणि तीच नई तालीम असे वाटते. आयोगाची भूमिका नेमकी सांगायला हवी: मूलभूत शिक्षणाची तत्त्वे सर्व स्तरांवरच्या शिक्षणाला दिशा देणारी आहेत, पण कोणत्याही एका टप्प्याला ‘मूलभूत शिक्षण’ हे नाव राहू नये. यात स्वीकारही आहे आणि शेवटही आहे. एकच अर्धा भाग उचलला की वाक्य पक्षपाती होते.

तारखांच्या बाबतीतही एक खुंटी लागते. १९३७ ची योजना सात ते चौदा वयोगटाची होती. बाळासाहेब खेर हे मुंबई प्रांताचे पंतप्रधान असताना केंद्रीय सल्लागार मंडळाने त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने सहा ते चौदा सुचवले. नई तालीमचा विस्तार पूर्वबुनियादी ते प्रौढ शिक्षणापर्यंत, म्हणजे आयुष्यभराच्या शिक्षणापर्यंत झाला तो जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम संमेलनात. हे तिन्ही एकत्र करून ‘नई तालीम ही जन्मापासून मृत्यूपर्यंतची, सहा ते चौदा वयोगटासाठीची योजना’ असे वाक्य एका मसुद्यात खरोखर तयार झाले होते. त्यातला प्रत्येक तुकडा कोणत्या तरी वर्षी खरा आहे. गावाचे नावही असेच: १९३७ मध्ये ते शेगाव होते, सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये पडले.

विभाग, शब्द आणि वाटणी

खुणांच्या आधारे विभाग ठरले. कंसातला आकडा शब्दमर्यादा सांगतो.

प्रस्तावना (१८०)
पार्श्वभूमी: गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वसाहती (फिनिक्स १९०४, टॉलस्टॉय फार्म १९१०), १९३७ ची प्रांतिक सरकारे (२५०)
वर्धा परिषद आणि झाकीर हुसेन समिती (४००)
अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि समवाय (४००)
स्वावलंबनाचा वाद (३००)
अंमलबजावणी: हरिपुरा काँग्रेस १९३८ ते मूल्यमापन समिती १९५६ (३५०)
कोठारी आयोग आणि नंतर (२५०)
आजच्या शाळा (१२०)

एकूण सुमारे २,२५० शब्द. मर्यादा आधी ठरवण्याचे कारण साधे आहे. ज्याला जे प्रिय ते तो लांब लिहितो. मर्यादा नसती तर पार्श्वभूमी हजार शब्दांची झाली असती आणि अंमलबजावणी दोन परिच्छेदांत आटोपली असती, कारण गांधीजींचे लेखन सहज मिळते आणि १९३९ नंतर मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर शाळांचे काय झाले, याचे पुरावे शोधावे लागतात. ज्या विभागाला स्रोत कमी तिथे सर्वांत चिकाटीचा माणूस द्यायचा, या न्यायाने अंमलबजावणी ग्रंथपालांकडे गेली.

वाटणीचा दुसरा नियम: जो विभाग लिहील तो त्याचे संदर्भ तपासणार नाही. तपासणी शेजारच्या विभागाच्या लेखकाने करायची. प्रस्तावना कोणालाच दिली नव्हती. ती सगळ्यांनी मिळून शेवटी लिहायची होती, कारण जे खालच्या मजकुरात नाही ते प्रस्तावनेत येता कामा नये. ‘नई तालीम ही समग्र आणि बालकेंद्री शिक्षणपद्धती आहे’ या सुरुवातीच्या वाक्याच्या जागी शेवटी हे आले: ‘नई तालीम ही महात्मा गांधी यांनी १९३७ मध्ये मांडलेली, उत्पादक हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवून मातृभाषेतून सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची योजना होय.’ ‘समग्र’ हा शब्द दुसऱ्या वाक्यात आहे, आणि तिथे तो कोणाचा हेही लिहिले आहे.

स्रोत, उतारे, चित्रे

गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचा संदर्भ देताना एक खड्डा आहे. इंग्रजीतल्या शंभर खंडांची मूळ छापील आवृत्ती आणि नंतरची सुधारित आवृत्ती यांचे खंड व पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. सुधारित आवृत्ती आक्षेपांनंतर २००५ मध्ये मागे घेतली गेली, पण तिचे क्रमांक जुन्या संदर्भांतून अजून फिरतात. उपाय एकच: खंड आणि पृष्ठाबरोबर ‘हरिजन’च्या अंकाची तारीखही द्यायची. तारीख कोणत्याही आवृत्तीत बदलत नाही.

भारतात गांधीजींचे लेखन १ जानेवारी २००९ पासून प्रताधिकारमुक्त आहे. झाकीर हुसेन यांचे निधन १९६९ चे, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या लेखनाला ही सवलत अजून नाही. तिथे लहान उतारा आणि बाकी आपल्या शब्दांत सारांश. गांधीजींचे मराठी भाषांतरही जपून घ्यावे लागते, कारण भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजला जातो. गटाने इंग्रजीवरून स्वतः भाषांतर केले आणि संदर्भात तसे नमूद केले. इतर कोशांतल्या नोंदी दिशा समजण्यासाठी वाचल्या, वाक्ये मात्र घेतली नाहीत.

आजच्या शाळांबद्दल हात सर्वांत आखडता ठेवला. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली, हे सांगायला संस्थेची स्वतःची माहिती पुरते. तिथल्या मुलांवर काय परिणाम होतो हे सांगायला पुरत नाही. त्यासाठी संस्थेबाहेरच्या कोणी केलेला अभ्यास हवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे, आणि ती नई तालीमशी जोडण्याचा मोह सर्वांनाच झाला. पण तो धागा आपण जोडला तर ते आपले संशोधन ठरते. स्वतंत्र स्रोत तो जोडत नाही तोवर वाक्य चर्चापानावरच राहील, असे ठरले. चित्रांसाठी सेवाग्रामच्या इमारतींची नवी छायाचित्रे काढायची, मुलांचे चेहरे दिसतील अशी एकही नाही.

मसुद्यापासून पानापर्यंत

मसुदा एका सदस्याच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या कामाच्या पानावर, ठेवला. सगळ्यांनी आपापल्या खात्यातूनच संपादन करायचे आणि प्रत्येक बदलाला एका ओळीचा सारांश द्यायचा. बाहेरच्या सामायिक दस्तऐवजात लिहून शेवटी एकाने सगळे चिकटवले तर इतिहासात एकाच नावाचे श्रेय दिसते, आणि विकिपीडियाच्या परवान्याला हे चालत नाही. याच कारणाने धूळपाटीवरचा मजकूर मुख्य पानात नक्कल करून नेला नाही. पान नवीन असल्याने धूळपाटीच स्थानांतरित केली, म्हणजे तिचा इतिहासही सोबत गेला. आधीचे पान असते तर विभागागणिक, प्रत्येकाने आपला भाग आपल्या खात्यातून भरला असता.

चर्चापानावर प्रत्येक वादग्रस्त निर्णयाचा वेगळा मथळा ठेवला, खाली दोन-तीन ओळींत कारण आणि शेवटी चार नागमोडी चिन्हांची सही. ‘टीका’ विभाग का नाही, ‘समतोल’ शब्द का काढला, विद्या मंदिर योजना का वगळली, असे मथळे. सहा महिन्यांनी नवा संपादक येऊन तोच विभाग जोडू पाहतो, तेव्हा त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून वाद घालावा लागत नाही.

प्रकाशनाआधी एक उलटी वाचणी झाली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या विभागातली सगळी विशेषणे अधोरेखित केली: क्रांतिकारक, आदर्श, अभिनव, दुर्दैवाने, यशस्वी. ज्याला स्रोत आणि कर्ता दोन्ही होते ते राहिले, उरलेले गेले. लेख सुमारे दोनशे शब्दांनी आखडला आणि त्या जागेत योजनेचे काम पाहणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाच्या १९३८ मधल्या स्थापनेचा परिच्छेद नीट बसला.

पान गेल्यावर दोन सदस्यांनी ते निरीक्षणसूचीत ठेवले. चर्चापानावर तीन गोष्टी उघड्या आहेत: मुंबई प्रांतातल्या मूलोद्योग शाळांची सरकारी आकडेवारी मूळ अहवालातून मिळवणे, १९५६ च्या मूल्यमापन समितीचा पूर्ण अहवाल ग्रंथालयात प्रत्यक्ष पाहणे, आणि आशादेवी आर्यनायकम यांच्यावर स्वतंत्र लेख. पहिल्या दोन ग्रंथपालांकडे आहेत. तिसऱ्यासाठी बी.एड.च्या विद्यार्थ्याने नवा तक्ता सुरू केला आहे, त्याच पाच रकान्यांचा.